पडूनही चालणारे घड्याळ



यंदा दिवाळीच्या आवराआवरीत सासूबाईंची एक जुनी डबी निघाली. आत त्यांचे मनगटी घड्याळ. एक रुपयाच्या नाण्याहून लहान तबकडी आणि काळपट पडलेला पट्टा. सहज चावी दिली, कानाशी धरले, तर टिकटिक सुरू! शेजारी बसलेली नात म्हणाली, "आजी, याचा सेल कुठे असतो?" तिला समजावता समजावता मला १९८२ सालातला एक आठवडा आठवला. त्या आठवड्यात पडलेल्या एका प्रश्नाचे उत्तर मी पुढे बरीच वर्षे, मिळेल तिथून वाचत आणि विचारत गोळा केले. तेच आज सांगते.

माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. बी.कॉम. होऊन मी नगरला सासरी आले होते. हे स्विस घड्याळ सासूबाईंना त्यांच्या वडिलांनी १९५८ साली लग्नात दिलेले. सकाळची नवकारसी, सूर्यास्ताआधीचे जेवण, सामायिकाची ४८ मिनिटे, सगळे त्याच्यावर चाले. घरात वाळूची घडी होती, पण त्यांचा भरवसा या घड्याळावर. आठ दिवसांसाठी बहिणीकडे नाशिकला निघाल्या तेव्हा ते माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "रोज सकाळी चावी दे. बंद पडू देऊ नकोस."

तिसऱ्या दिवशी ते माझ्या हातून निसटले. खाली शहाबादी फरशी. काच फुटली नाही, साधा ओरखडाही नाही. पण कानाशी धरले तर आवाज नाही. हलवून पाहिले, चावी देऊन पाहिली, काही उपयोग नाही. पोटात गोळा आला.

मला जास्त खटकले ते दुसरेच. महिन्याभरापूर्वी ह्यांचे एचएमटी जनता त्याच खोलीत, त्याच फरशीवर, फळीवरून पडले होते. तितक्याच उंचीवरून. ह्यांनी उचलले, सदऱ्याला पुसले आणि मनगटावर बांधून कामाला गेले. मग एक घड्याळ एका फटक्यात गेले आणि दुसऱ्याला काहीच झाले नाही, हे कसे?

दुपारी कोणाला न सांगता मी कापड बाजाराजवळच्या घड्याळवाल्या काकांकडे गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, मागचे झाकण उघडले, चिमट्याने आतले एक बारीक चाक हलवून पाहिले आणि म्हणाले, "वहिनी, बॅलन्सचा स्टाफ गेला. यात शॉक नाही ना!"

मला वाटले, विजेचा शॉक. म्हटले, "काका, चावीच्या घड्याळात वीज कुठून येणार?" काका हसले. पण माणूस सज्जन. मला स्टुलावर बसवून त्यांनी दुरुस्तीला आलेले एक जनता घड्याळ उघडले आणि दोन्ही शेजारी ठेवून भिंगातून दाखवले.

पाचदा डोलणारे चाक

चावीच्या घड्याळाचा जीव बॅलन्स व्हील नावाच्या चाकात असतो. हे चाक गोल फिरत नाही, पाळण्यासारखे डोलते, एकदा इकडे, एकदा तिकडे. जुन्या घड्याळांत साधारणपणे सेकंदाला पाच हेलकावे. वाणिज्य शाखेची सवय, मी हिशेब केला. तासाला १८,०००, दिवसाला ४,३२,००० आणि वर्षाला १५ कोटी ७६ लाख ८० हजार. इतकी मेहनत घरातले दुसरे कुठलेही यंत्र करत नसेल.

एवढे डोलायचे तर घर्षण अगदी कमी हवे. त्यासाठी चाकाच्या आसाची दोन्ही टोके फार बारीक ठेवतात. मिलिमीटरचा दहावा भाग, किंवा त्याहूनही कमी. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी आठवा, साधारण तेवढीच. या आसाला स्टाफ म्हणतात. त्याची टोके फिरतात माणकाच्या खड्यांत, कारण माणिक झिजत नाही आणि गुळगुळीत राहते. घड्याळात माणिक भोके पाडून बसवायची ही युक्ती लंडनमध्ये निघाली. निकोलस फातियो हा स्विस गणिती आणि दबॉफ्र बंधू यांनी १७०४ साली तिचे पेटंट घेतले.

आमच्या एका आत्याबाईंची समजूत होती की "१७ ज्युएल्स" लिहिलेले घड्याळ म्हणजे आत १७ मौल्यवान रत्ने, मोडले तरी पैसे येतील. तसे काही नाही. ऑग्युस्त व्हर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली कृत्रिम माणिक बनवण्याची पद्धत जाहीर केली. तेव्हापासून घड्याळातले खडे कारखान्यात तयार होतात आणि त्यांना फारशी किंमत नसते. पण त्यांचे काम मोलाचे. १७ पैकी चार खडे या एकट्या आसाच्या दोन टोकांसाठी असतात. प्रत्येक टोकाला भोकाचा एक खडा आणि त्यावर झाकणासारखा दुसरा.

आता घड्याळ पडले की काय होते ते पाहा. एसटीने अचानक ब्रेक मारला की उभी बाई पुढे फेकली जाते. बस थांबली, पण बाईचे शरीर पुढेच चालले होते. घड्याळाचेही तसेच. डबी फरशीवर आपटून थांबते, आतले चाक मात्र पुढे जाऊ पाहते. त्याला धरून ठेवणारी असतात फक्त ती केसाएवढी दोन टोके. सगळा भार त्यांच्यावर. मग टोक वाकते, तुटते, किंवा खडाच तडकतो. बाहेरून घड्याळ नवे कोरे दिसते आणि आत सगळे संपलेले असते.

राणीचा घड्याळवाला

यावर पहिला चांगला उपाय शोधला अब्राहम-लुई ब्रेगे याने. जन्म १७४७ चा, स्वित्झर्लंडमधल्या नूशातेल गावचा. दुकान पॅरिसमध्ये, सीन नदीच्या काठी. राजेरजवाडे त्याचे गिऱ्हाईक. दुरुस्तीला येणाऱ्या घड्याळांत बॅलन्सची टोके तुटलेली असत, हे तो रोज पाहत असणार.

१७९० च्या सुमारास त्याने एक युक्ती केली. तोवरच्या पद्धतीत खडे पक्के ठोकून बसवत. ब्रेगेने आसाची टोके निमुळती केली, त्यांच्यासाठी वाटीसारखे खडे घेतले आणि ते खडे एका पातळ, लवचीक पट्टीवर बसवले. धक्का बसला की पट्टी लवते, खडा थोडा मागे सरतो, टोकावरचा ताण निघून जातो. मग पट्टी खड्याला परत जागेवर आणते. या योजनेला त्याने नाव दिले "पॅर-शूट", म्हणजे पडण्यापासून वाचवणारे. त्याआधी थोडीच वर्षे, १७८३ साली, लेनोर्मां नावाच्या फ्रेंच माणसाने छत्रीसारखे साधन घेऊन उंचावरून उडी मारली होती. त्या साधनाचे पॅराशूट हे नावही याच शब्दांचे. एक माणसाला वाचवते, दुसरे घड्याळाला.

असे सांगतात, की तालेरां या मोठ्या मुत्सद्द्याच्या घरी जमलेल्या पाहुण्यांसमोर ब्रेगेने आपले घड्याळ मुद्दाम जमिनीवर टाकले, उचलले आणि ते चालू असल्याचे दाखवले. खरे असो की रंगवलेले, पण त्याला आपल्या कामाची खात्री होती एवढे नक्की. मारी आंत्वानेत राणीसाठी १७८३ मध्ये मागवलेल्या त्याच्या प्रसिद्ध घड्याळातही हे संरक्षण आहे. ते घड्याळ पुरे व्हायला १८२७ साल उजाडले. तोवर राणीलाही मृत्युदंड होऊन ३४ वर्षे झाली होती आणि ब्रेगेही १८२३ मध्ये गेला होता.

मग पुढे शंभराहून जास्त वर्षे ही युक्ती घरोघर का पोचली नाही? एक कारण पैशाचे. हाताने करायचे नाजूक काम, श्रीमंतांनाच परवडणारे. दुसरे कारण असे, की पुरुषांचे घड्याळ तेव्हा कोटाच्या खिशात, साखळीला बांधलेले असे. कापडाच्या गादीत निजलेल्या घड्याळाला धक्के कितीसे बसणार? गरजच कमी होती.

घड्याळ मनगटावर येते

मैत्रिणींनो, मनगटावर घड्याळ आधी बायकांनी बांधले, हे तुम्हाला ठाऊक आहे का? नेपल्सची राणी कारोलिन म्यूरा हिने १८१० साली याच ब्रेगेकडे मनगटी घड्याळ मागवले आणि ते १८१२ मध्ये तयार झाले. पुढे कितीतरी वर्षे मनगटी घड्याळ म्हणजे बायकांचा दागिना, अशीच समजूत होती. पुरुष त्याला नाक मुरडत.

पहिल्या महायुद्धाने हे बदलले. खंदकात एका हातात बंदूक असताना खिशातून घड्याळ काढून बघणार कोण? सैनिकांनी घड्याळे मनगटावर बांधली आणि युद्धानंतर ती सवय राहिली. पण मनगट म्हणजे खिसा नव्हे. हात दारावर आपटतो, टेबलावर पडतो, हातोडा मारतो. त्यातून मनगटी घड्याळ लहान, म्हणून त्यातला आस आणखी बारीक. दुरुस्तीच्या दुकानांत तुटलेल्या स्टाफांची रांग लागली.

१९३४ साली स्वित्झर्लंडच्या ला शो-द-फाँ या घड्याळांच्या गावात जॉर्ज ब्राउनश्वाइग आणि फ्रिट्झ मार्टी यांनी "इन्काब्लॉक" तयार केले. जुन्या स्विस घड्याळांच्या तबकडीवर तुम्ही हा शब्द वाचला असेल. ती कंपनीचे नाव म्हणून सोडून दिली असेल, मीही तसेच करत असे.

त्याची रचना घरातल्या उदाहरणाने सांगते. दोन नरसाळी घ्या आणि एकात एक ठेवा. वरच्या नरसाळ्यावर बोटाने हलका दाब द्या. आता वरचे बाजूने ढकलले तर ते खालच्याच्या उतारावर चढते. ढकलणे थांबले की घसरत बरोबर मध्ये येऊन बसते. इन्काब्लॉकमध्ये दोन्ही खडे अशा एका उताराच्या वाटीत बसवलेले असतात आणि ती वाटी तशाच उताराच्या खळग्यात टेकलेली असते. बोटाच्या जागी एक नाजूक स्प्रिंग, लायर नावाच्या तंतुवाद्याच्या आकाराची.

धक्का बसला की वाटी खड्यांसकट सरकते, उतारावर चढते. त्यामुळे बारीक टोकाला मागे सरायला जागा मिळते. तेवढ्यात आसाचा जाड खांदा भोवतीच्या धातूच्या कड्यावर टेकतो आणि धक्का तो जाड खांदा झेलतो. मग स्प्रिंग वाटीला ढकलून मधोमध आणते. हे सगळे डोळ्याचे पाते लवायच्या आत. वाटी केसभर जरी बाजूला राहिली तरी घड्याळ मागेपुढे होईल, म्हणून नुसते सरकून भागत नाही, अचूक जागी परत येणे हेच खरे कसब.

काकांनी मला हे चिमट्याच्या टोकाने दाखवले. जनताच्या बॅलन्सवरचा खडा त्यांनी अलगद दाबला. तो दबला आणि सोडताच वर आला. मग सासूबाईंच्या घड्याळातला दाबला. तो तसूभर हलला नाही. "हा कडक आहे ना, म्हणून मोडला," काका म्हणाले. मी तोवर समजत होते, की मजबूत म्हणजे न हलणारे.

इन्काब्लॉक पसरले त्याला हिशेबाची बाजूही आहे. ती तयार जोडणी होती. प्रत्येक कारखान्याने नवा शोध लावायची गरज नाही, विकत घ्या आणि आपल्या घड्याळात बसवा. दुरुस्तीवाल्यालाही सोय. स्प्रिंग एका बाजूने अडकवलेली असल्यामुळे डबीच्या झाकणासारखी उघडते, खडे काढायचे, धुवायचे, तेलाचा थेंब देऊन परत ठेवायचे. इतर काही पद्धतींतली स्प्रिंग सुटी निघते आणि चिमट्यातून उडाली की दुकानभर शोधत बसावे लागते, असे काका वैतागून सांगत.

हेलिकॉप्टरमधून बंगळूरपर्यंत

मग गोष्ट जाहिरातीवर आली. लोकांना खडा आणि स्प्रिंग कोण समजावणार? पडून दाखवणे सोपे! १९५६ साली वायलर कंपनीने आपली दोन घड्याळे पॅरिसच्या आयफेल टॉवरवरून खाली टाकली आणि ती चालू राहिली. त्यांची तऱ्हा वेगळी होती. त्यांच्या बॅलन्स चाकाचे आरेच वळणदार आणि लवचीक होते, धक्का चाकच पिऊन टाकी. त्याच वर्षी जपानमध्ये सिटिझन कंपनीने "पॅराशॉक" आणले आणि लोकांसमोर हेलिकॉप्टरमधून घड्याळे टाकून दाखवली.

हा पॅराशॉक आपल्या घरात आला तो असा. १९६१ साली सरकारच्या हिंदुस्थान मशीन टूल्सने, म्हणजे आपल्या एचएमटीने, सिटिझनच्याच सहकार्याने बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. जनताच्या तबकडीवर "१७ ज्युएल्स" च्या जोडीला इंग्रजीत "पॅरा शॉक" असे बारीक अक्षरात लिहिलेले असे. ह्यांचे घड्याळ शहाबादी फरशीवरून सुखरूप का उठले, त्याचे उत्तर तबकडीवरच छापलेले होते. मी रोज ते पुसून ह्यांच्या हातात देत होते आणि एकदाही वाचले नव्हते.

राजाच्या दरबारातली गोष्ट गिरणीतल्या कामगाराच्या आणि शाळामास्तरांच्या मनगटावर यायला पावणेदोनशे वर्षे लागली. आणि त्यातही बायका मागेच राहिल्या. मनगटी घड्याळ आधी आपण बांधले, पण लेडीज घड्याळ इतके चिमुकले, की हे संरक्षण बसवायला जागा कमी. पन्नाशीच्या दशकातल्या कित्येक लेडीज घड्याळांत ते नव्हतेच. खलबत्ता कुटणारे, कणीक मळणारे, बादल्या उचलणारे हात आपले, आणि नाजूक घड्याळही आपल्याच वाट्याला!

झाकणाच्या आत

आता माझी गोष्ट पुरी करते. काका म्हणाले, "हा स्टाफ बाजारात तयार मिळणार नाही. लेथवर घासून करावा लागेल. तीन आठवडे, चाळीस रुपये." सासूबाई पाच दिवसांत येणार होत्या. म्हणजे सांगण्यावाचून गत्यंतर नव्हते.

मी उठणार तेवढ्यात काकांनी मागचे झाकण उलटे करून माझ्यासमोर धरले. आतल्या बाजूला सुईने ओरखडलेली बारीक अक्षरे होती. दुरुस्ती केली की कारागीर तिथे आपली खूण आणि साल कोरून ठेवतात. "हे १९६१, माझ्या वडिलांच्या हातचे. हे १९६७. हे १९७४, माझे. तिन्ही वेळा स्टाफच." मी काही बोलले नाही.

सासूबाई आल्या. हातपाय धुऊन बसल्या, आणि मी पाणी देतानाच सांगून टाकले, "आई, घड्याळ माझ्या हातून पडले. बंद पडले आहे."

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग विचारले, "फरशीवर?"

"हो."

"मग स्टाफ गेला असेल."

इंग्रजीचा गंध नसलेल्या माझ्या सासूबाईंच्या तोंडून "स्टाफ" ऐकून मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी पेला खाली ठेवला. म्हणाल्या, "तीनदा माझ्या हातून पडले आहे. तुझ्या सासऱ्यांना एकदाही सांगितले नाही. दर वेळी सांगायचे, तेलपाण्याला दिले आहे." आणि पदर तोंडाला लावून हसल्या. लग्नानंतर त्या माझ्यासमोर अशा हसल्या ती पहिली वेळ. चाळीस रुपये त्यांनीच त्यांच्या डब्यातून काढून दिले.

थोडे उपयोगाचे

तुमच्याकडे आईचे, सासूचे चावीचे घड्याळ असेल तर एवढे लक्षात ठेवा. आत शॉकची सोय आहे का, हे जाणत्या कारागिराकडून झाकण उघडून पाहून घ्या. तबकडीवर किंवा आत इन्काब्लॉक, पॅरा शॉक असे काही लिहिले असेल तर बरेच. नसेल तर ते घड्याळ बसून घालायचे, कामात नाही. पलंगावर बसून बांधा आणि सोडा, म्हणजे पडले तरी गादीवर पडेल.

आणि सोय असली तरी ते अमर झाले असे समजू नका. आंतरराष्ट्रीय कसोटी एवढीच आहे, की एक मीटर उंचीवरून लाकडी जमिनीवर पडल्याइतका धक्का सोसून घड्याळ चालत राहावे आणि दिवसाला ६० सेकंदांपेक्षा जास्त मागेपुढे होऊ नये. म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्यावरून पडले तर बहुधा वाचेल, माळ्यावरून पडले तर सांगता येत नाही. काच, काटे आणि केसासारखी हेअरस्प्रिंग यांना तर हे संरक्षण लागूच नाही. काही वर्षांनी तेल सुकते, तेव्हा चालू असले तरी धुऊन घ्यावे.

सासूबाई जाऊन आता बरीच वर्षे झाली. काकांचे दुकानही राहिले नाही, तिथे मोबाइलची कव्हरे मिळतात. पण परवा नातीला मी झाकण उघडून ती खरड दाखवली. १९६१, १९६७, १९७४, आणि चौथी १९८२. ती म्हणाली, "आजी, ही शेवटची तुझी?"

म्हटले, "हो, माझी."

तुमच्या घरातल्या घड्याळाचे झाकण एकदा उघडून घ्या. आत काय लिहिले आहे ते मला नक्की कळवा.